एकच शब्द दोन भाषांत वेगळ्या अर्थाने येत असेल, तर त्याचं मूळ एकच असतं का?

दर वेळी नाही. कधी मूळ एकच असतं आणि अर्थ वाटेत फुटतो. कधी दोन परक्या शब्दांचा नुसता आवाज जुळतो. आमच्या सांगलीच्या बाजारात दोन्ही प्रकार रोज कानावर पडतात, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

आधी बेदाणा. मी तासगावात बेदाण्याच्या अडतीवर लिखापढी करतो. माल देशभर जातो, त्यामुळे फोनवर भाषाही देशभरच्या. शब्द मूळचा फारसी: ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दाना’ म्हणजे दाणा, बी. संस्कृत ‘धाना’ हा या दान्याचा सख्खा भाऊ, आपलं ‘धान्य’ त्याच घरातलं. म्हणजे बेदाना हे खरं तर विशेषण, ‘बिनबियांचं’. आपण ‘न’चा ‘ण’ केला आणि थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही द्राक्षं शेडवर वाळवून जे हाती येतं त्याला ते नाव देऊन टाकलं.

बंगालीत मात्र बेदाना म्हणजे चक्क डाळिंब! तेही उगाच नाही. बी दाताला लागत नाही अशा मऊ दाण्याच्या डाळिंबालाही हेच विशेषण लागतं. आपण द्राक्ष सोडून विशेषण ठेवलं, बंगाल्यांनी डाळिंबाचं तेच केलं. आता आमच्या जिल्ह्यात तासगावला बेदाणा आणि आटपाडीला डाळिंब. तेव्हा कोलकात्याहून कुणी ‘सांगली का बेदाना’ मागितला, तर भाव सांगण्याआधी फळ कुठलं ते विचारलेलं बरं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आपल्या वाळलेल्या बेदाण्याला. बंगालीत याच्या शेजारीच ‘बेदोना’ आहे, पण ती आपली वेदना. तिकडे ‘व’चा ‘ब’ होतो. हा शब्द संस्कृतातला, फळाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मनुक्याची गंमत आणखी वेगळी. अरबी ‘मुनक्का’ म्हणजे निवडून साफ केलेला. आणि हिंदी मुलखात मुनक्का मागा, बहुधा बीसकटच मिळेल. नाव साफसफाईचं आणि बी जिथल्या तिथे.

दुसऱ्या प्रकाराला ‘खाली’सारखं उदाहरण नाही, कारण इथे दोन्ही शब्द मराठीतच नांदतात. मार्केट यार्डात ओरडा येतो, ‘गाडी खाली झाली का?’ म्हणजे रिकामी झाली का. हा अरबी, हिंदीतून आलेला. तबल्यातली टाळी-खाली तीच. लगेच पुढचा हमाल म्हणतो, ‘पोतं खाली ठेव’. हा आपला, ‘खाल’पासूनचा. दोघे एकाच गाडीतली हळद उतरवत असतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

वेगळे कसे ओळखायचे? गणगोत बघायचं. दिशेच्या ‘खाली’ला खालचा, खालून, खालती, खालावणे असा गोतावळा आहे. रिकाम्या ‘खाली’ला मराठीत तसं कुणी नाही. ‘खालचा ट्रक’ म्हटलं तर रिकामा ट्रक असं कुणीच समजणार नाही. कोशातली व्युत्पत्ती बघाच, पण ही परीक्षा घरबसल्या होते आणि माझ्या मते व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या व्युत्पत्ती त्यात नापास होतील.

‘शिक्षा’ या परीक्षेत पास होते, कारण शिक्षण, शिक्षक हे तिचंच गणगोत; मूळ एकच, अर्थ तेवढे फुटले. संस्कृतात शिकवण, हिंदीत शिक्षण, मराठीत आणि कन्नडमध्ये दंड. धडा शिकवणे आणि चांगलाच धडा शिकवणे यांत अंतर किती, ते आपल्या पिढीला मास्तरांनी दाखवलंच आहे.

जत तालुक्याकडे कानडी सुरू होते, तिथला एक शब्द सांगून थांबतो. आपलं ‘हल्ली’ अरबी ‘हाल’वरून, म्हणजे सध्याची स्थिती. कन्नड ‘हळ्ळी’ म्हणजे खेडं. ते जुन्या ‘पळ्ळी’चं रूप, कन्नडमध्ये अशा कितीतरी शब्दांत ‘प’चा ‘ह’ झालाय. तमिळमध्ये दूध ‘पाल’, कन्नडमध्ये ‘हालु’. आणि ‘ळ’ न म्हणता ‘हल्ली’ म्हणालात, तर कन्नडमध्ये ती भिंतीवरची पाल होते. त्या बाजूला गाव विचारताना ‘ळ’ जरा ठसक्यात म्हणा.