वाचकांचे प्रश्न : हार्वेस्टर मुंग्यांना कोणतं घर द्यावं?

प्रश्न : मेसॉर बार्बारस या बिया साठवणाऱ्या (हार्वेस्टर) जातीची पाळलेली राणी आणि पंचवीसेक कामकरी मुंग्या टेस्ट ट्यूबमध्ये (तळाशी पाणी, त्यापुढे कापसाचा बोळा) आहेत. प्लास्टर, ॲक्रिलिक, थ्रीडी प्रिंट, सच्छिद्र काँक्रीट अशी नाना प्रकारची तयार घरं मिळतात. तीनशे मुंग्या मावतील असं मोठं घर एकदाच घेऊन टाकावं का?

उत्तर : घेऊ नका. पंचवीस मुंग्यांना दहा दालनं दिली, की त्या दोनच वापरतात आणि उरलेल्यांत टरफलं, उष्टं-खरकटं आणि मेलेल्या मुंग्या टाकतात. तिथे ओल असली की बुरशी धरते आणि घरावरची काच न उघडता ती साफ करता येत नाही. जागा निम्म्याहून अधिक भरेल एवढंच घर द्यावं. साधारण ३ × २ सेंटिमीटरची दोन-तीन दालनं तुमच्या वसाहतीला भरपूर झाली. खरं तर मुंग्या पन्नासच्या आसपास होईपर्यंत टेस्ट ट्यूबच उत्तम. तिचं तोंड एका छोट्या डब्यात उघडं ठेवा; तो डबा म्हणजे त्यांचं अंगण, दाणापाणी तिथेच द्यायचं. पुढे घर घ्याल तेव्हा नळीने दुसरा भाग जोडता येईल असं घ्या.

आता कशाचं घ्यावं हे. या मुंग्या बिया साठवतात, त्यामुळे त्यांच्या घराची अट इतर मुंग्यांपेक्षा वेगळी आहे : कोठार कोरडं हवं आणि अंडी-अळ्यांची जागा ओलसर. एकाच घरात दोन्ही हवं. घर निवडताना आधी हे बघा, सामग्री नंतर. पाणी एकाच टोकाला द्यायची सोय आहे का आणि दुसरं टोक खरोखर कोरडं राहतं का?

सच्छिद्र काँक्रीट आणि प्लास्टर पाणी शोषून हळूहळू सोडतात, त्यामुळे ओल्याकडून कोरड्याकडे उतार आपोआप तयार होतो. प्लास्टरमध्ये मात्र ओल सगळीकडे पसरू शकते, म्हणून लांबट घर घ्या, चौकोनी नको. निव्वळ ॲक्रिलिक पाणी शोषत नाही. त्यात एका दालनाच्या तळाशी प्लास्टरचा थर आणि बाहेरून पाणी भरायची टाकी असेल तरच ते घ्यावं. थ्रीडी प्रिंटलाही हाच नियम.

मापं नीट बघा. मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या १२-१४ मिलिमीटरपर्यंत लांब होतात आणि राणी त्याहूनही थोडी मोठी. म्हणून दालनाची उंची १०-१२ मिलिमीटर आणि बोगद्याची रुंदी निदान ८-१० मिलिमीटर हवी. छोट्या जातींसाठी बनवलेल्या घरांचे बोगदे ५-६ मिलिमीटरचेच असतात. नेमकी तीच घरं दिसायला सुबक असतात.

प्रश्न : प्लास्टरच्या घरात बियांना मोड येतात, एका दालनात बुरशीही दिसली. पाणी कमी करू का?

उत्तर : किती पाणी देता त्याआधी कुठे देता ते बघा. अंगणातून घरात शिरायची वाट ओल्या टोकाला असली, तर मुंग्या आणलेला दाणा बहुधा वाटेवरच्या पहिल्याच दालनात टाकतात आणि कोठार पाण्याशेजारी बनतं. नळी कोरड्या टोकाला जोडा. मग आठवड्यातून एकदा ओल्या टोकाला सिरिंजने १-२ मिलिलिटर पाणी द्या. प्लास्टरचा रंग गडद होतो त्यावरून ओल कुठवर गेली ते कळतं; घराच्या एक तृतीयांश भागापुढे ती जाऊ देऊ नका.

पुढचं मुंग्याच सांगतात. अळ्या ओल्या भिंतीला चिकटवून ठेवल्या असतील तर घर कोरडं पडलंय, आणि सगळं बिऱ्हाड कोरड्या टोकाला गेलं असेल तर पाणी जास्त झालंय. मोड आलेले दाणे त्या स्वतःच बाहेर आणून टाकतात, ते उचलून फेका. एका वेळी दहा-बारा बारीक बियाच द्या. पेरणीसाठीचं बियाणं कधीही देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असू शकतं.

ऊब द्यायची असल्यास हीटिंग केबल घराखाली ठेवू नका. खालून तापलं की वाफ वर जाऊन गार काचेवर थेंब धरते आणि ते थेंब कोठारात पडतात. केबल वरच्या काचेवर, एका टोकाच्या एक तृतीयांश भागापुरती ठेवा. उबदार बाजूला २४-२८ अंश सेल्सिअस पुरे.

प्रश्न : मुंग्या प्लास्टर कुरतडतात. पळून जातील का?

उत्तर : जाऊ शकतात. बी फोडणारे जबडे आहेत ते, आणि ओलं प्लास्टर मऊ पडतं. बाहेरची भिंत निदान १५-२० मिलिमीटर जाड ठेवा किंवा सगळं घर ॲक्रिलिकच्या पेटीत बसवा. हवेच्या भोकांना स्टीलची बारीक जाळी लावा. प्लास्टिकची टिकत नाही.

प्रश्न : नवं घर जोडून आठवडा झाला, तरी मुंग्या टेस्ट ट्यूब सोडत नाहीत.

उत्तर : ट्यूबमध्ये पाणी आहे, अंधार आहे, मग त्या का सोडतील? नवं घर झाका, ट्यूबवरचं झाकण काढून उजेड पडू द्या आणि वाट बघा. कापसामागचं पाणी आटलं की बहुधा हलतातच. ट्यूब आपटून मुंग्या बाहेर काढू नका, अळ्या दुखावतात. पाणी संपलं नसेल आणि बुरशीही नसेल, तर घाई कशाला?

प्रश्न : मुंग्या चढून पळू नयेत म्हणून अंगणाच्या कडेला काय लावावं?

उत्तर : टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ कालवा आणि वरच्या कडेला आतून ३ सेंटिमीटरचा पट्टा ओढा. अल्कोहोल उडून गेल्यावर उरलेल्या भुकटीवर मुंग्यांचे पाय घसरतात. अंगण काचेचं असेल तरच हे करा, कारण अल्कोहोलने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. ॲक्रिलिकला पीटीएफईचं (म्हणजे टेफ्लॉनचं) द्रावण लावा. दमट हवेत दोन्ही पट्टे निकामी होतात, तेव्हा घट्ट झाकणही हवंच. पोगोनोमिर्मेक्स (हार्वेस्टर मुंग्यांचाच दुसरा गट) पाळत असाल तर त्यात मुळीच ढिलाई नको, त्यांचा डंख फार जबर असतो.