पंखा लख्ख आठवतो, बाकी कोरं

प्रश्न : वय ३९. मी आठ वर्षांची असताना घरी येणाऱ्या एका नातेवाइकाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. विसरले कधीच नव्हते, पण तो विषय मनात येऊ देत नव्हते. आता माझी मुलगी आठ वर्षांची झाली आणि माझी झोपच उडाली. छताचा फिरता पंखा आणि दाढीच्या साबणाचा वास एवढंच लख्ख आठवतं, आधीचं-नंतरचं कोरं. हे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत? संमोहनाने उरलेलं आठवेल का?

उत्तर : संमोहन नको. त्यात आठवणींमध्ये कल्पनेची भर पडते आणि खात्री मात्र वाढते. पुढे खरं-खोटं वेगळं करणं कुणालाच जमत नाही.

तुकड्यातुकड्यांनी आठवणं म्हणजे खोटं आठवणं नव्हे. भीतीने गोठलेल्या मुलाचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. तुमचं पंख्यावर खिळलं, म्हणून पंखा कोरला गेला. वार, कपडे, घटनांचा क्रम यातलं बरंच मनात नोंदलंच गेलं नसेल, आणि न नोंदलेलं खणून निघत नाही. तेव्हा ओरडला नसाल, तर त्यातही तुमचा दोष नाही. अशा वेळी शरीर आपोआप थिजतं. आठ वर्षांचं मूल किती लहान असतं ते आता रोज डोळ्यांसमोर दिसतंय, म्हणून जुनं नव्याने बोचतंय. आपलं मूल त्या वयाला पोचलं की असं अनेकांचं होतं.

अमेरिकेत लिंडा मेयर विल्यम्स यांनी १२९ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणीच्या अत्याचाराची रीतसर नोंद असूनही, सुमारे १७ वर्षांनी ३८ टक्के जणींनी ती घटना सांगितली नाही. दुसरी बाजूही खरी आहे : वारंवार सुचवलं, तर न घडलेलंही काहींना आठवू लागतं. म्हणून 'झोप लागत नाही म्हणजे आणखी काहीतरी घडलं असणार' असं म्हणणारा समुपदेशक टाळा.

वहीत तीन रकाने करा : कायम आठवत होतं ते, अलीकडे आठवलेलं, आणि कुणाकडून ऐकलेलं किंवा अंदाजाने जोडलेलं. तारीख घाला. दहा मिनिटं पुरे, आणि झोपण्याआधी नको.

तो वास आला आणि अंग गार पडलं, तर डोळे मिटू नका. मिटले की पंखा पुन्हा दिसू लागतो. तळवे जमिनीवर दाबा, आजची तारीख आणि स्वतःचं वय मोठ्याने म्हणा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या. निलगिरीसारखा वेगळा, उग्र वास जवळ ठेवा.

आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला मानसोपचारतज्ज्ञ शोधा. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसारख्या क्रियेची मदत घेऊन आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) किंवा प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना सुरक्षितपणे, हळूहळू सामोरं जाण्याची पद्धत) येतं का, असं थेट विचारा. दुसऱ्या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात. सगळं आठवलं तरच बरं वाटेल असं नाही, आहे तेवढ्या आठवणीवर काम होतं. जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्या.

तो माणूस अजून घरी येत असेल, तर एक गोष्ट आजच करा. मुलीला त्याच्याजवळ क्षणभरही एकटं ठेवू नका. त्यासाठी तुमची आठवण पूर्ण असण्याची गरज नाही.