सोल्युशन ओढणाऱ्या मुलाच्या मागे धावू नकोस

प्रिय मित्रा,

स्टेशनवरच्या मुलांमध्ये तू काम सुरू करतो आहेस, म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. सोल्युशन ओढणारं, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन चिंधीवर घेऊन नशेसाठी हुंगणारं पोर दिसलं तर त्याचा पाठलाग करायचा नाही, हातातली चिंधी हिसकावायची नाही, पोलिसांचा धाक तर मुळीच घालायचा नाही. पंक्चरचं सोल्युशन, थिनर यांत बहुधा टोल्युइन हे द्रावक असतं. त्याची वाफ काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि हृदयाला ॲड्रिनॅलिन सोसेनासं होतं. घाबरून किंवा पळून ते वाढलं की ठोके बिघडतात, हृदय थांबू शकतं. पहिल्यांदाच हुंगणारं धडधाकट पोरही असं जातं.

तेव्हा शेजारी बस, हळू बोल, मोकळ्या हवेत आण. जवळ कुणाला काडी पेटवू देऊ नकोस, वाफ पेट घेते. शुद्ध हरपली पण श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळव. श्वास नसेल तर १०८ ला फोन, आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छाती दाबणं.

हळूहळू होणारं नुकसान ओळखणं अवघड. टोल्युइन चरबीत विरघळतं, म्हणून मेंदूतल्या तंतूंवरचं चरबीयुक्त वेष्टण झिजवतं. नशा उतरलेली असतानाही मूल पाय फाकवून चालत असेल, बोलणं जड असेल, तर लहान मेंदूला इजा झाल्याची शंका घे. सकाळी पाय लुळे पडून उठताच येत नसेल तर ‘अजून उतरली नाही’ म्हणून सोडू नकोस. टोल्युइन मूत्रपिंड बिघडवतं आणि रक्तातलं पोटॅशियम घसरतं. ते त्याच दिवशी तपासायला हवं. काही सोल्युशनमध्ये हेक्झेन हे दुसरं द्रावक असतं. त्याने आधी बोटं बधिर होतात, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. ओढणं थांबवल्यावरही हा त्रास काही आठवडे वाढत राहतो, म्हणून ‘सोडलं तरी पाय निकामी होत चालले’ म्हणणाऱ्या पोराला खोटं पाडू नकोस.

मोठी पोरं वर दारूही घेतात. ४२.८ टक्क्यांच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच निपटतं. लिंबू, चहा, गार पाणी यांनी हा वेग वाढत नाही. यकृत दारूत गुंतलं की टोल्युइन रक्तात आणखी रेंगाळतं. रोज पिणाऱ्याची दारू मात्र निवाऱ्यात एकाएकी बंद करू नकोस. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेततं. हे काम रुग्णालयाचं. तिथे ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) दिलं का, हे विचारायला लाजू नकोस. पिऊन काही तासांनी कुणी ‘धुरकट दिसतंय’ म्हणाला तर दारूत मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल होता असं समज आणि थेट आपत्कालीन विभाग गाठ. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं, तरी लघवीच्या नेहमीच्या नशातपासणीत सोल्युशन सापडत नाही. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की डॉक्टरही निर्धास्त होतात. म्हणून डब्याच्या लेबलचा फोटो काढून ठेव, आणि केसपेपरवर काय ओढलं, किती दिवसांपासून, सोबत दारू होती का, हे लिहूनच घे.

तुझा,
दादा