शेजारच्या देशात शिकायला जाताना

प्रिय मुली,

तुझं पत्र कालच वाचलं. दूरच्या विद्यापीठातली जागा हुकली, म्हणून ‘आता शेजारच्या देशाची सरकारी शिष्यवृत्ती तरी भरून बघते’ असं तू लिहिलं आहेस. आधी त्या ‘तरी’बद्दलच बोलू या. मी काही वर्षं असे अर्ज तपासले आहेत. हा ‘तरी’ अर्जात कितीही लपवला तरी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत बाहेर येतोच. त्या देशाबद्दल चार गोड वाक्यं असतात, पण तिथेच का जायचं आहे हे कुठेच सापडत नाही.

शेजारी देशांनी एकमेकांकडे विद्यार्थी पाठवावेत, यासाठी सरकारांनी विचारपूर्वक योजना आखल्या आहेत. युरोपात १९८७ साली इरॅस्मस हा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी पहिल्या वर्षी बाहेर पडले. पुढच्याच वर्षी उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांनी आपापसातला तसाच नॉर्डप्लस सुरू केला. मध्य युरोपातल्या सीपस योजनेचा करार १९९३ मध्ये बुडापेस्टला झाला आणि तिची रचना मला फार आवडते. त्यात पैसा सीमा ओलांडतच नाही. प्रत्येक देश बाहेरून येणाऱ्यांसाठी ठरावीक ‘शिष्यवृत्ती-महिने’, म्हणजे इतक्या महिन्यांची शिष्यवृत्ती, देऊ करतो आणि तो खर्च आपल्याच चलनात करतो. श्रीमंत-गरीब शेजाऱ्यांमधला हिशेब त्यामुळे सोपा होतो. या योजनांमागे सरकारांना शेजाऱ्याला आतून ओळखणारी माणसं हवी असतात. तू तशी होऊ शकशील का, हे तुझ्या अर्जातून दिसायला हवं.

तुझा विषय नदीखोऱ्यांचा, त्यामुळे तुझं काम अर्धं झालेलंच आहे. नदी सीमेवर थांबत नाही, पण नोंदी थांबतात. मेकाँग सहा देशांतून वाहते. तिच्या त्रिभुज प्रदेशातल्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या व्हिएतनामी विद्यार्थ्याला वरच्या अंगाला लाओसमध्ये धरणं कशी चालवतात हे समजून घ्यावंच लागतं. हे घरी बसून, नकाशा पाहून कळत नाही. त्यासाठी तिथल्या मोजणी करणाऱ्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलावं लागतं. तुझ्या खोऱ्यातला असाच एक प्रश्न शोध, ज्याचं अर्धं उत्तर पलीकडे आहे. तो प्रश्न अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात येऊ दे. विद्यापीठाची कीर्ती, संस्कृतीचं कौतुक, लहानपणापासूनची ओढ हे सगळं गाळलंस तरी चालेल.

तिथली भाषा आजपासूनच शिकायला घे. वर्ग इंग्रजीत असले तरी जुने अहवाल, कार्यालयांतल्या सूचना आणि वसतिगृहातल्या गप्पा इंग्रजीत नसतात.

आता पैशांचं. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द ऐकला की सगळा खर्च भागेल असं वाटतं. इरॅस्मसमध्ये यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, पण आपल्या विद्यापीठाचं शुल्क भरावं लागू शकतं, आणि मिळणारी रक्कम परदेशात राहण्याच्या वाढीव खर्चाला हातभार म्हणून असते. तुझ्या योजनेत निवास, प्रवास, विमा, सुट्टीचे महिने यांतलं काय धरलं आहे ते नियमावलीतून एकेक करून काढ. पहिला हप्ता कधी येतो हेही विचार. माझा पोचल्यावर दोन महिन्यांनी आला होता. ते दिवस मी मैत्रिणीच्या उधारीवर काढले. निदान तेवढ्या दिवसांची सोय करूनच निघ.

याहून महाग पडली ती माझी दुसरी चूक. तिथे गेल्यावर एक विषय फारच कंटाळवाणा वाटला, म्हणून मी तो बदलला, पण बदललेल्या अभ्यास-करारावर, म्हणजे तिथे कोणते विषय घ्यायचे हे दोन्ही विद्यापीठांनी मान्य केलेल्या कागदावर, आपल्या विभागाची सही घेतली नाही. परत आल्यावर त्या विषयाचे श्रेयांक धरले गेले नाहीत आणि माझं एक सत्र वाया गेलं. विषय खुशाल बदल, पण त्याच आठवड्यात दोन्हीकडच्या सह्या घे आणि प्रती जपून ठेव.

काही सरकारं परत येण्याची अट घालतात. कझाकस्तानच्या बोलाशाक शिष्यवृत्तीत परतल्यावर पाच वर्षं देशात काम करण्याची अट होती. मला अशा अटी अन्यायाच्या वाटत नाहीत, कारण पैसा लोकांचा असतो. पण त्या सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून वाच.

कागदपत्रांवर आधीच वेळ घाल. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर गुणपत्रिकांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं आपल्या सरकारचं एकच प्रमाणपत्र, पुरतं. नसतील तर परराष्ट्र खातं आणि वकिलात अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात. शिफारसपत्र मात्र तुझं प्रयोगशाळेतलं काम पाहिलेल्या व्यक्तीकडूनच घे, मग तिचं पद लहान का असेना.

तिथल्या प्राध्यापकांना अजून लिहिलं नसशील, तर या आठवड्यात लिही. पत्र अर्ध्या पानाचंच असू दे: तुझा प्रश्न, आपल्या बाजूची तुझ्याकडे असलेली माहिती आणि त्यांच्याकडून काय शिकायचं आहे ते. त्या पत्राचा मसुदा आधी मला पाठव. मी त्याच दिवशी वाचेन.

तुझी,
बाई