वारीत पहिल्यांदा चालताय? दिवेघाटाचा दिवस असा काढा

माउली, पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास. सगळे घाटाची धास्ती घेतात. खरं तर घाट भजनाच्या नादात चढून होतो. जीव काढतो तो घाटाआधीचा हडपसर ते वडकीचा डांबरी रस्ता. तिथे तहान लागायच्या आधीच घोट घोट पाणी घ्या. त्या दिवशी बहुधा एकादशी असते. खिचडी जागोजागी वाटतात, पण द्रोणभर खाऊन सुटा. पोट तट्ट भरलं की वडकीनंतर पाय उचलत नाहीत.

नवे बूट अजिबात नकोत, रुळलेल्या चपला बऱ्या. मोजे भिजले तर लगेच काढा, फोड तिथेच धरतात.

सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाका, प्लास्टिकचा कागद मात्र जवळ ठेवा. आणि दिंडीचा नुसता नंबर पाठ करून भागत नाही, पालखीच्या रथापुढची की रथामागची तेही लक्षात ठेवा. तोच नंबर दोन्हीकडे असतो, आणि गर्दीत फोन लागेलच असं नाही.

सासवडला पोचल्यावर लगेच आडवे होऊ नका. समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, थांबा. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड (काठी) उंचावला की टाळ एकदम थांबतात, मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. तुमची पिशवीही तिथेच मिळायची.