लॉच्या तीन ऑफर, बारावीचे ८२ टक्के आणि पोर्तुगीज पासपोर्टचा घोळ

ताई, आधी मुलीचं अभिनंदन. गोव्यातल्या साखळीत बसून इंग्लंडच्या तीन ठिकाणच्या लॉच्या ऑफर आणल्यान म्हणजे पोर हुशार आहे.

तुमचं म्हणणं मी समजलो ते असं: गोवा बोर्डाची बारावी, निकाल ८२ टक्के, एलएलबीसाठी यूकासमधून (तिकडच्या युनिव्हर्सिटींचे अर्ज जिच्यामार्फत जातात ती संस्था) पाच ठिकाणी अर्ज, त्यातल्या तीन ऑफर. पहिलीत ८५ टक्के मागितलेत म्हणून ती हातची गेली असं तुम्ही धरलंय, दुसरी ७५ ची आहे ती जमते, आणि तिसरी अनकंडिशनल म्हणून घरात सगळे तिच्याच मागे. आणि मिस्टरांचा पोर्तुगीज पासपोर्ट झालाय तर मुलीचाही आता पटकन करून घेतला तर फी कमी होईल का.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे आम्ही स्वतः आपटलोय.

आमच्या मुलीचा पोर्तुगीज पासपोर्ट २०१९ ला झाला. माझ्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, मग लिस्बनला त्यांची नोंद, मग माझी, मग तिची, दोन-अडीच वर्षं कागद, एजंट आणि भाषांतरं. हेतू एकच, इंग्लंडात शिकायला गेली तर तिकडच्या मुलांएवढी होम फी पडेल. त्या काळात युरोपियन पासपोर्टवाल्यांना हा फायदा होताच. पण ब्रेक्झिट झालं आणि ऑगस्ट २०२१ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना नुसत्या युरोपियन पासपोर्टवर होम फी बंद झाली, आणि आमची जाणार होती सप्टेंबर २०२१ ला, म्हणजे अगदी पहिल्याच बॅचला. आमचा कन्सल्टंट मात्र शेवटपर्यंत सांगत होता की लाल पासपोर्ट आहे ना, मग कसलं टेन्शन घेता. ऑफर लेटर फेब्रुवारीत आलं, मी प्रिंट काढून देवासमोर ठेवलं, पेढे वाटले, पण तिसऱ्या पानावर जो चौकोनी तक्ता होता त्यातली "फी स्टेटस: ओव्हरसीज" ही ओळ कोणीच वाचली नाही. ती वाचली माझ्या बायकोने, मे महिन्यात, बँकेला द्यायला झेरॉक्स काढायच्या आधी चष्मा लावून एकेक ओळ बघत होती तेव्हा. त्या वर्षी होम फी होती ९,२५० पाउंड आणि आमच्या तक्त्यात आकडा वीस हजाराच्या वरचा. घर तारण ठेवून लोन काढलं, अजून फेडतोय.

होम फी आता कोणाला, तर ढोबळ सांगायचं तर ज्याच्याकडे तिकडचं सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपियनांना दिलेला राहण्याचा परवाना, आहे आणि कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं जो तिकडे किंवा युरोपात राहिलाय. तुमची मुलगी आयुष्यभर साखळीला राहिली, उद्या पासपोर्ट हातात आला म्हणून ही तीन वर्षं उगवत नाहीत. मिस्टर तिकडे कामाला असले तरी एवढ्याने होत नाही. युनिव्हर्सिटी फी असेसमेंटचा फॉर्म भरून घेते, त्यात खरं तेच लिहा, कोणी गल्लीतला हुशार माणूस पत्ता मॅनेज करतो म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आणि फीपेक्षा मोठी गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितलीच नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं. इंजिनियर किंवा हॉटेल मॅनेजमेंटवाल्याला त्याने फार बिघडत नसेल, पण ही पोर वकील होणार आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ मध्ये वकिलीची सनद मिळायची पहिलीच अट भारताचा नागरिक असणे ही आहे. परदेशी माणसाला मार्ग आहे तो त्याच्या देशात भारतीयांना वकिली करू देतात की नाही यावर अवलंबून. ओसीआय कार्डवाल्यांसाठी, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी, २०२१ च्या नोटिफिकेशनमध्ये वकिलीचं नाव आहे खरं, पण तिथेही संबंधित कायद्यातल्या तरतुदींप्रमाणेच असं म्हटलंय, म्हणजे फिरून परत कलम २४. तेव्हा पोरीला उद्या पर्वरीच्या हायकोर्टात काळा कोट घालून उभं राहायचं असेल तर तिचा निळा पासपोर्ट आहे तसा राहू द्या. निदान फी वाचवायला म्हणून तरी अजिबात बदलू नका, ती वाचत नाही.

आता हे पण समजून घ्या की निळा पासपोर्ट ठेवला तरी इंग्लंडची एलएलबी घेऊन आली आणि लगेच सनद मिळाली असं नसतं. तिकडची एलएलबी तीन वर्षांची आणि ती बारावीनंतर लगेच. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं. हा फरक भरून काढायला बार कौन्सिल ऑफ इंडिया दोन वर्षांचा ब्रिज कोर्स करायला लावते, वर परदेशी डिग्रीवाल्यांची वेगळी परीक्षा आहे, मग महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी आणि मग सगळ्यांना असते ती ऑल इंडिया बार एक्झाम. शिवाय युनिव्हर्सिटी बार कौन्सिलच्या मान्यतेत असायला हवी, हे डिपॉझिट भरायच्या आधी तपासायचं, डिग्री घेऊन आल्यावर नाही. तिकडेच राहून सॉलिसिटर व्हायचं असेल तर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव असा रस्ता आहे, त्याला नागरिकत्वाची अट नाही, आणि खरं सांगू तर मिरामारला किंवा मडगावला पाच वर्षांचं लॉ करूनही ती परीक्षा देता येते, मग एक वर्षाचं एलएलएम तिकडे केलं तरी खर्च एक तृतीयांशावर येतो. मी आता परत सुरुवात करत असतो तर हेच केलं असतं. पण तुमच्या घरात ठरलंय असं दिसतं म्हणून हे इथेच सोडतो.

आता लेटर्स.

तिसरी, ती अनकंडिशनल. तुम्ही कोर्सचं नाव टाईप केलंय त्यात "विथ फाउंडेशन इयर" असं आहे, तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही. म्हणजे आधी एक वर्ष तयारीचं, तीन नाही चार वर्षं, एका वर्षाची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च जास्त. मुलीने अर्ज साध्या एलएलबीला केला होता, त्यांनी तिला तो कोर्स न देता दुसराच देऊ केलाय, असं करतात. अनकंडिशनल या शब्दाचा अर्थ एवढाच की त्यांच्या शिक्षणाच्या अटी पूर्ण झाल्यात, आता आणखी मार्क मागणार नाहीत. युनिव्हर्सिटी चांगली किंवा व्हिसा पक्का असं त्यातून निघत नाही. प्रत्येक लेटरवर कोर्सचं पूर्ण नाव, किती वर्षं आणि कोर्स कोड अर्जातल्या कोडशी ताडून बघा, साध्या लॉचा कोड बहुतेक ठिकाणी एम१०० असतो.

पहिली, ८५ वाली. ही मी तुमच्या जागी असतो तर आज सोडली नसती. तुम्ही जे वाक्य दिलंय त्यात बेस्ट फोर सब्जेक्ट्स असं स्पष्ट आहे. मार्कशीटवर खाली छापलेले ८२ टक्के हे सगळ्या विषयांचे. तुम्ही दिलेले मार्क मी कागदावर मांडले, इंग्लिश ८८, इको ८६, पोलिटिकल सायन्स ८७, हिस्टरी ८३, बेरीज ३४४ आणि सरासरी ८६. खाली ओढलंय ते बाकीच्या विषयांनी. म्हणजे त्यांनी हे चार धरले तर अट पूर्ण झालीय आणि तुम्ही घरात सुतक धरून बसलाय! कुठले विषय धरायचे हे शेवटी तेच ठरवतात, काही ठिकाणी ठराविक विषय मोजत नाहीत, म्हणून अंदाज बांधत बसू नका, विचारा. समजा नाहीच धरले तरी अट हुकली म्हणजे ऑफर आपोआप रद्द असं नसतं, थोडक्यात हुकलेल्यांना घेतातही, निर्णय त्यांचा असतो आणि तो यूकासच्या हबवर, म्हणजे तिच्या ऑनलाइन खात्यावर, दिसेपर्यंत ऑफर जिवंत आहे.

पण त्यासाठी त्यांना निकाल कळायला हवा ना. तिकडच्या ए-लेव्हलचे, म्हणजे त्यांच्या बारावीचे, निकाल यूकासला थेट जातात, आपल्या बोर्डाचे जात नाहीत. तुम्ही वाट बघताय की ते कळवतील, आणि ते वाट बघतायत की तुम्ही पाठवाल, यात किती तरी लोकांचा महिना जातो.

मार्कांसोबत त्याच लेटरमध्ये आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको असं आहे. हा दुसरा तुकडा लोक वाचत नाहीत. आमच्या ओळखीतल्या म्हापशाच्या एका मुलाला एकूण साडेसात होते, घरी पार्टी झाली, आणि रायटिंगला ६ म्हणून ऑफर अडकली. हल्ली कॉम्प्युटरवर दिलेल्या परीक्षेत एकच भाग ६० दिवसांच्या आत परत देता येतो, पण सगळ्या युनिव्हर्सिटी तो निकाल घेत नाहीत, तेव्हा परत द्यायच्या आधी त्यांना विचारायचं. आणि बारावीच्या इंग्लिशच्या मार्कांवर आयईएलटीएस माफ होतं असं कोणी सांगितलं तर ती सवलत नेमकी कुठल्या बोर्डांना आहे ते बघा, सीबीएसईला मिळते म्हणून गोवा बोर्डाला मिळेलच असं नाही.

उत्तर द्यायची पद्धत अशी की एक फर्म, एक इन्शुरन्स, बाकी सगळ्या डिक्लाइन. फर्म म्हणजे जिथे जायचंय ती, इन्शुरन्स म्हणजे ती हुकली तर. इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा हलकी असली तरच तिला अर्थ आहे, नाहीतर दोन्ही एकदम जातात. तुमच्या बाबतीत ८५ वाली फर्म, ७५ वाली इन्शुरन्स हे सरळ बसतं. एक बारीक गोष्ट, फर्म अनकंडिशनल असेल तर इन्शुरन्स ठेवताच येत नाही, म्हणून तिसरी फर्म केली असती तर बाकी दोन्ही तिथेच संपल्या असत्या. उत्तराची शेवटची तारीख हबवर लिहिलेली असते, साधारण जूनच्या सुरुवातीची, आणि वेळ तिकडची संध्याकाळी ६ म्हणजे आपली रात्री साडेदहा. तारीख चुकली तर सगळ्या ऑफर आपोआप डिक्लाइन होतात, तिथे रडून उपयोग नाही.

पैशांचं थोडक्यात. डिपॉझिट फक्त फर्मचं भरा आणि भरायच्या आधी व्हिसा नाकारला तर परत मिळतं का ते त्यांच्या नियमात वाचा. डिपॉझिटनंतर कॅस नंबर, म्हणजे युनिव्हर्सिटीने प्रवेश पक्का केल्याचा नंबर, येतो, त्यावर व्हिसाचा अर्ज. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसायला हवा, एक दिवस जरी खाली गेला तरी मोजणी परत पहिल्यापासून. आई-वडिलांचं खातं चालतं, मुलीचा जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडायचं. शेअर आणि म्युच्युअल फंड चालत नाहीत. पतसंस्थेत असेल ते आत्ताच मोठ्या बँकेत आणून ठेवा. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी लोन आहे, ते बँकेच्या आधी विचारा, आम्ही नंतर विचारलं. टीबीची टेस्ट त्यांनी नेमलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते, गावातल्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. हे सगळं चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, ओढू नका, आमच्याकडे गणपतीवरची माटोळी बांधायची होती आणि मी लॅपटॉप घेऊन स्टेटमेंट अपलोड करत होतो, भावांनी अजून ते सोडलेलं नाही.

तर आज रात्रीच मुलीला बसवा आणि पहिल्या युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला तिच्या स्वतःच्या ईमेलवरून मेल करायला सांगा, तुमच्या नको, अर्ज तिच्या नावावर आहे. सब्जेक्टमध्ये दहा आकडी यूकास आयडी टाकायचा, मार्कशीट दोन्ही बाजूंनी स्कॅन करून जोडायची, मोबाईलवर काढलेला वाकडा फोटो नको. मजकूर तीन ओळींचा: निकाल लागला, चार विषयांची सरासरी ८६ येते, अट पूर्ण झाली असं धरायचं का, आणि आयईएलटीएसची तारीख अमुक आहे. आठवड्यात उत्तर नाही आलं तर फोन, आपल्या दुपारी दोननंतर, तेव्हा त्यांची सकाळ असते. पाठवायच्या आधी तिन्ही लेटरमधला फी स्टेटसचा तक्ता मात्र तुम्ही स्वतः उघडून वाचा, आणि त्यात काय लिहिलंय ते मला इथे टाका, पुढचं मग बघू.