साइडबार: काय लावायचं, कसं सजवायचं, आणि मोबाइलवर तो गायब का होतो

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, म्हणून उत्तर लांबणार. ब्लॉगस्पॉटवरच्या (म्हणजे गूगलच्या 'ब्लॉगर' सेवेवरच्या) ब्लॉगच्या उजव्या पट्टीत, म्हणजे साइडबारमध्ये, लेबलं (लेखांना दिलेली विषयांची नावं), जुने लेख आणि लोकप्रिय लेख कसे लावायचे, हा पहिला. विजेटच्या, म्हणजे पट्टीतल्या चौकटींच्या, मथळ्यांची अक्षरं तुटक दिसतात, हा दुसरा. मोबाइलवर पट्टी दिसतच नाही, हा तिसरा. आणि एका विशिष्ट लेखावर गेलं की अख्खा साइडबार घसरून तळाला जातो, हा चौथा. यातल्या एकासाठीही थीम (ब्लॉगच्या दिसण्याचा तयार साचा) बदलायची गरज नाही, त्यामुळे तो विचार आधी डोक्यातून काढा.

लावण्याचं काम सोपं आहे, ते आटपून टाकू. डॅशबोर्डवर डावीकडे 'लेआउट' आहे. तिथे ब्लॉगचा चौकटी-चौकटींचा आराखडा दिसतो. साइडबारच्या चौकटीत 'अ‍ॅड अ गॅझेट' दाबलं की यादी उघडते. (ब्लॉगरच्या पडद्यावर त्याला गॅझेट म्हणतात, थीमच्या कोडमध्ये विजेट. वस्तू एकच.) हवं ते निवडा, शीर्षक द्या, सेव्ह करा. मग चौकट धरून वरखाली सरकवा आणि खाली उजव्या कोपऱ्यातलं सेव्हचं गोल बटण दाबा. हे शेवटचं बटण बरेच जण विसरतात आणि 'क्रम बदलतच नाही' म्हणून वैतागतात.

काम सुरू करण्याआधी थीमचा बॅकअप घ्या. 'थीम'मध्ये जा, 'कस्टमाइझ'शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करा, तिथे 'बॅकअप' आहे. एक एक्सएमएल फाइल उतरते. त्यात लेख नसतात, फक्त थीम असते, आणि आपल्याला तेवढीच हवी आहे. एचटीएमएल गॅझेटांमध्ये (बाहेरचा कोड चिकटवायच्या चौकटींमध्ये) तुम्ही हाताने काही कोड टाकला असेल तर तो वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवा. गॅझेट काढून टाकलं की त्यातला मजकूरही जातो आणि 'अनडू' नावाचा प्रकार तिथे नाही.

आता काय लावायचं. माझ्या मते साइडबारचं काम एकच: आलेल्या वाचकाने एक लेख वाचल्यावर दुसरा उघडावा. ज्या गॅझेटने हे होत नाही ते काढा. घड्याळ, हवामान, भेटींचा आकडा, फिरणारा पृथ्वीचा गोल, हे सगळं लावणाऱ्याच्या हौसेसाठी असतं. वाचकाच्या मनगटावर घड्याळ असतंच.

तुम्ही विचारलेल्या तिघांपैकी सगळ्यात जास्त मेहनत लेबलांवर घ्यावी लागते, आणि ती गॅझेटमध्ये नाही, लेबलांमध्येच. तुम्ही यादी दिलीत त्यात 'प्रवासवर्णन', 'प्रवास वर्णन' आणि 'प्रवास' अशी तीन वेगळी लेबलं आहेत. ब्लॉगरच्या दृष्टीने एका स्पेसने शब्द वेगळा होतो, ऱ्हस्व-दीर्घ बदललं तरी वेगळा होतो. वाचकाने 'प्रवास' दाबलं तर बाकी दोन लेबलांखालचे लेख त्याला दिसणारच नाहीत. 'पोस्ट्स'च्या यादीत लेबलानुसार लेख गाळा, सगळे एकदम निवडा, नवं लेबल लावा, जुनं काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर लेबल गॅझेटमध्ये 'सगळी लेबलं'ऐवजी 'निवडक लेबलं' हा पर्याय घ्या आणि ज्यांच्याखाली एकच लेख आहे त्यांच्यापुढची खूण काढून टाका. यादी आणि 'क्लाउड' यांपैकी मी यादीच घेईन. क्लाउडमध्ये जास्त लेखांचं लेबल मोठ्या अक्षरात येतं, आणि देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांच्या ओळी शेजारी आल्या की वेलांट्या-मात्रा एकमेकींत घुसतात.

लोकप्रिय लेखांच्या गॅझेटमध्ये कालावधी विचारतो. तिथे 'ऑल टाइम' ठेवू नका. ठेवलंत तर आज वर असलेला लेख पट्टीत दिसतो, पट्टीत दिसतो म्हणून जास्त उघडला जातो, आणि जास्त उघडला जातो म्हणून वरच राहतो. चार वर्षांपूर्वीचे तेच ते पाच लेख कायमचे मुक्काम ठोकतात. शेवटचे ३० दिवस निवडा, हालचाल राहते. ७ दिवसांचा पर्याय रोज लिहिणाऱ्यांसाठी ठीक आहे.

जुन्या लेखांच्या संग्रहाला 'हायरार्की' द्या, म्हणजे वर्षं मिटलेली राहतात आणि हवं ते उघडता येतं. 'फ्लॅट लिस्ट'मध्ये महिने एकाखाली एक येतात. दहा वर्षं नियमित लिहिलेल्या ब्लॉगला त्या १२० ओळी होतात. महिन्यांची नावं इंग्रजीत येत असतील तर गॅझेटमध्ये शोधू नका. 'सेटिंग्ज'मध्ये ब्लॉगची भाषा मराठी करा, नावं आपोआप बदलतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गॅझेट मी सगळ्यांत वर लावायला सांगेन: 'लिंक लिस्ट'. शीर्षक 'इथून सुरुवात करा' किंवा तुम्हाला सुचेल ते. त्यात तुम्हाला स्वतःला चांगले वाटणारे पाच-सहा लेख हाताने भरा. संगणकाला लेख किती वेळा उघडला गेला एवढंच कळतं, चांगला कुठला ते तुम्हालाच माहीत. मित्रमंडळींच्या ब्लॉगांसाठी 'ब्लॉग लिस्ट' आहे. त्यात ताजा लेख असलेला ब्लॉग वर येईल असा क्रम ठेवता येतो, त्यामुळे बंद पडलेले ब्लॉग आपोआप खाली जातात.

आता तुटक अक्षरं. तुम्ही फॉन्टवर संशय घेतलाय, पण बहुतेक वेळा फॉन्टचा दोष नसतो. थीम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी असते. विजेटचा मथळा सगळा कॅपिटल अक्षरांत आणि अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा, ही त्यांची आवडती सजावट. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे पहिल्या सूचनेचा काहीच परिणाम होत नाही. पण दुसरी लागू होते आणि प्रत्येक अक्षरानंतर एक-दोन पिक्सेलची फट पडून शिरोरेघ तुटते. 'लोकप्रिय लेख' हे 'लो क प्रि य' असं सुटं सुटं दिसतं, ते यामुळे.

कोड तयार देत नाही, कारण प्रत्येक थीममध्ये त्या मथळ्याचं नाव वेगळं असतं आणि माझा कोड तुमच्याकडे चालेलच असं नाही. शोधायचं कसं ते सांगतो, ते कुठल्याही थीमला चालेल. संगणकावर क्रोममध्ये ब्लॉग उघडा, तुटक मथळ्यावर उजवी क्लिक, 'इन्स्पेक्ट'. बाजूला खिडकी उघडेल, तिच्यात 'स्टाइल्स' नावाचा भाग आहे. तिथे 'लेटर-स्पेसिंग' (letter-spacing, अक्षरांमधली जागा) असलेली ओळ शोधा. ओळीवर माउस नेला की आधी एक चौकोन येतो. त्यातली खूण काढा. अक्षरं त्याच क्षणी जुळली तर रोग सापडला. त्या ओळीच्या वर, महिरपी कंस { सुरू होण्याआधी जो मजकूर आहे तो सिलेक्टर, म्हणजे ही सजावट कशाला लागू करायची ते सांगणारं नाव. तो जसाच्या तसा उचला. मग 'थीम', 'कस्टमाइझ', 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि तिथल्या यादीत 'अ‍ॅड सीएसएस' (सीएसएस म्हणजे पानाच्या सजावटीच्या सूचना). तिथे तो सिलेक्टर चिकटवा आणि महिरपी कंसात लेटर-स्पेसिंगची किंमत 'नॉर्मल' लिहा. सिलेक्टर छोटा करून लिहायचा मोह टाळा. थीममधला जास्त नेमका असेल तर तोच जिंकतो आणि तुमची ओळ नुसती पडून राहते.

तिथेच असताना 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) ही बघून घ्या. रोमनला १.२ पुरतं. आपल्याकडे अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, असा दुमजली कारभार असतो. मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. १.५ ते १.६ ठेवा. मथळ्याचा रंग आणि आकार बदलायला मात्र सीएसएस लागत नाही: 'सिंपल'सारख्या जुन्या थीममध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली 'गॅझेट्स' नावाचा भाग आहे, तिथे निवडून टाका. पट्टीची रुंदी 'अ‍ॅडजस्ट विड्थ्स'मधल्या सरकपट्टीने बदलते. फॉन्ट बदलायचाच असेल तर देवनागरी असलेला घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. नुसता रोमनचा फॉन्ट निवडलात तर मराठी अक्षरांसाठी ब्राउझर आपल्या मनाने दुसरा कुठलातरी वापरतो आणि प्रत्येक फोनवर वेगळं दिसतं.

मोबाइलचं उत्तर तुमची थीम कुठल्या पिढीची आहे यावर आहे. २०१७ मध्ये आलेल्या कंटेम्पो, सोहो, एम्पोरिओ, नोटेबल या थीम स्क्रीनप्रमाणे स्वतःला जुळवून घेतात. कंटेम्पोत साइडबार गेलेला नसतो, अरुंद पडद्यावर तो वरच्या तीन आडव्या रेघांमागे मिटून ठेवलेला असतो. तुमची थीम त्याआधीची असावी असं वर्णनावरून वाटतं. या जुन्या थीमना मोबाइलसाठी वेगळा अवतार असतो (फोनवर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'एम बरोबर १' लागतं, ते त्याचंच), आणि त्यात मोजकीच गॅझेटं दाखवली जातात: हेडर, लेख, प्रोफाइल, पानांची यादी, अ‍ॅडसेन्स (गूगलच्या जाहिराती) आणि तळाची श्रेयओळ. लेबलं आणि लोकप्रिय लेख त्यात नाहीत.

उपाय दोन. सोपा म्हणजे 'थीम'मध्ये त्याच छोट्या बाणाखाली 'मोबाइल सेटिंग्ज' आहे, तिथे फोनवरही डेस्कटॉप थीम दाखवायला सांगा. हा मी सुचवणार नाही, वाचकाला दोन बोटांनी पान ताणत बसावं लागतं. दुसरा म्हणजे तिथेच मोबाइल थीम 'कस्टम' करा, मग 'एडिट एचटीएमएल'मध्ये जाऊन त्या विजेटची सुरुवातीची ओळ शोधा. तिच्यात तुम्ही दिलेलं शीर्षक असतं, त्यामुळे सापडायला अवघड नाही. त्या ओळीत 'मोबाइल' हा गुणधर्म घालून त्याची किंमत 'येस' करा (इंग्रजीत: mobile='yes'). 'नो' दिलं तर फोनवर दिसत नाही, 'ओन्ली' दिलं तर फक्त फोनवरच दिसतं. पण साइडबारमधल्या सगळ्याच गॅझेटांना 'येस' देत सुटू नका. फोनवर ती शेजारी येत नाहीत, लेख संपल्यावर एकाखाली एक येतात. तिथपर्यंत पोचलेल्या वाचकाला लिंक लिस्ट आणि लेबलं पुरेत.

साइडबार घसरण्याचं निदान तुम्ही स्वतःच अर्धं केलंय. फक्त एकाच लेखावर घसरतो म्हणजे दोष गॅझेटात नाही, त्या लेखात आहे. सगळ्या पानांवर घसरला असता तर मी गॅझेटं तपासा म्हटलं असतं. लेखात दोन गोष्टी बघा. एक, लेखाच्या स्तंभापेक्षा रुंद चित्र किंवा व्हिडिओ. जुन्या थीममध्ये रुंद चित्र शेजारच्या पट्टीला जागाच ठेवत नाही आणि ती खाली जाते. चित्राचा आकार 'लार्ज'वर आणून बघा. दोन, वर्डमधून किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरून चिकटवलेला मजकूर. त्याबरोबर अदृश्य टॅगही (पानाच्या मांडणीच्या खुणा) येतात, आणि एखादा बंद करणारा 'डिव्ह' (पानातला डबा आखणारा टॅग) जास्तीचा आला की तो लेखाचा डबा आधीच बंद करून टाकतो. मजकूर नोटपॅडमध्ये टाकून, तिथून पुन्हा उचलून नव्याने चिकटवा. ठळक-तिरपं परत करावं लागेल, पण टॅग शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. शोधपेटीतून आलेल्या यादीत किंवा मुख्य पानावर हाच लेख पूर्ण दिसत असेल तर तिथेही पट्टी घसरेल. गोंधळून जाऊ नका, कारण तेच.

बाहेरून आणलेल्या कोडबद्दल. 'एचटीएमएल/जावास्क्रिप्ट' गॅझेटमध्ये काहीही चिकटवता येतं, म्हणूनच जपून. ती स्क्रिप्ट तुमच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. फुकट काउंटर (भेटींचा आकडा) देणाऱ्या साइटची मालकी उद्या बदलली तर तुमच्या वाचकाला भलत्याच जाहिरातीवर नेऊन सोडण्याचं सामर्थ्य त्या एका ओळीत असतं. पत्त्यात एचटीटीपीनंतर 'एस' नसलेली स्क्रिप्ट सुरक्षित पानावर ब्राउझर अडवतोच, आणि गॅझेटच्या जागी नुसती रिकामी चौकट राहते. ब्लॉग सावकाश उघडत असेल तर अशी गॅझेटं एकेक करून काढा आणि दर वेळी पान उघडून बघा. गूगल प्लस या गूगलच्या सोशल नेटवर्कचे बिल्ले अजून कुणाकडे असतील तर ते खुशाल काढा, ती सेवा २०१९ मध्येच गेली.

खाली एकांनी वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या दुसऱ्या प्रणालीबद्दल विचारलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अपिअरन्स'मध्ये 'विजेट्स' दिसत असेल तर तुमची थीम पारंपरिक आहे. २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून तिथे विजेटांऐवजी ब्लॉक आले. जुना पडदा हवा असेल तर 'क्लासिक विजेट्स' हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) घ्या. 'विजेट्स' हा पर्यायच दिसत नसेल तर थीम ब्लॉकवाली आहे आणि साइडबार 'साइट एडिटर'मध्ये स्तंभ टाकून स्वतः उभा करावा लागतो. विजेट तात्पुरतं काढायचं असेल तर डिलीट करू नका, 'इनअ‍ॅक्टिव्ह विजेट्स'मध्ये ठेवा. सेटिंग शाबूत राहतात. वर सांगितलेली लेटर-स्पेसिंगची भानगड तिथेही तशीच आहे, पारंपरिक थीम असेल तर ओळ 'कस्टमाइझ'मधल्या 'अ‍ॅडिशनल सीएसएस'मध्ये लिहायची.

शेवटी, वाचकाला नवे लेख ईमेलने मिळावेत म्हणून पत्ता भरून घेणारी पेटी हवी असेल, तर ती तुम्हाला ब्लॉगरच्या गॅझेटांच्या यादीत सापडणार नाही. 'फॉलो बाय ईमेल' हे गॅझेट गूगलच्या फीडबर्नर या सेवेवर चालायचं आणि २०२१ मध्ये ती सोय बंद झाली. कुणाच्या ब्लॉगवर ती पेटी अजून दिसत असेल तर तिच्यात पत्ता भरून काही येत नाही. त्याऐवजी एखाद्या ईमेल सेवेचा फॉर्म एचटीएमएल गॅझेटमध्ये बसवता येतो. आधी थीमचं नाव आणि इन्स्पेक्टमध्ये सापडलेला सिलेक्टर इथे लिहा, मथळे दुरुस्त झाले की फॉर्मचं बघू.